प्रो कबड्डीचा ‘अ’ गट

प्रो कबड्डी लीगमधला ‘अ’ गट दोनच हंगाम टिकला: २०१७ चा पाचवा आणि २०१८-१९ चा सहावा. यू मुंबा, पुणेरी पलटण, दबंग दिल्ली, जयपूर पिंक पँथर्स, गुजरात फॉर्च्युनजायंट्स आणि हरयाणा स्टीलर्स असे सहा संघ त्यात होते. समोरच्या ‘ब’ गटात पाटणा पायरेट्स, बंगाल वॉरियर्स, बंगळूरु बुल्स, तेलुगू टायटन्स, तमिळ थलैवाज आणि यूपी योद्धा हे सहा. दोन्ही हंगामांत गुणतक्त्यात ‘अ’ गट भारी ठरला आणि दोन्ही वेळा करंडक ‘ब’ गटाने नेला. सातव्या हंगामात ही विभागणी मोडीत निघाली.

कोकणातल्या कबड्डीरसिकाच्या कानाला ‘अ गट’ म्हटले की वेगळाच अर्थ आधी लागतो. मुंबईतल्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या स्पर्धांत पुरुष ‘अ’ आणि पुरुष ‘ब’ ही चढउतार दाखवणारी नावे असतात. ‘अ’ म्हणजे मुरलेले संघ, ‘ब’ म्हणजे अजून वर यायचे आहेत ते. त्याखेरीज वय-वजनाचे गट वेगळे. किशोर म्हणजे १६ वर्षांखालचा, ५५ किलोच्या आतला. कुमार म्हणजे २० वर्षांखालचा, ७० किलोच्या आतला. स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यावर चढण्यापूर्वी उपाशीपोटी मैदानाला फेऱ्या मारणारी पोरे ज्याने पाहिली आहेत त्याला गट हा शब्द कागदावरचा वाटत नाही. प्रो कबड्डीचे गट मात्र दर्जाचे नव्हते, वजनाचेही नव्हते. इंग्रजीत त्यांना ‘झोन’ म्हणत आणि ते साधारण नकाशा पाहून पाडलेले होते. पश्चिम आणि उत्तर भारताचे संघ ‘अ’मध्ये, दक्षिण आणि पूर्वेचे ‘ब’मध्ये. उत्तर प्रदेश तेवढा ‘ब’मध्ये गेला, कारण सहा-सहाचा हिशेब जुळवायचा होता. पुढे दोन वर्षे ‘अ’ गटाने असा खेळ केला की कोकणातला तो जुना अर्थ खरा वाटावा, ही त्यातली गंमत.

मुळात या खेळाला संघांच्या विभागणीपर्यंत पोचायला शंभर वर्षे लागली. हुतूतूचे नियम लिहून काढण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात सुरू झाले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे हा खेळ करून दाखवला. अखिल भारतीय संघटना १९५० मध्ये झाली, आणि संजीवनी, गामिनी, अमर अशा प्रकारांतून मेलेला गडी पुन्हा उठण्याचा संजीवनी प्रकारच राष्ट्रीय स्पर्धांत रुजला. महाराष्ट्रात या संघटनकार्याशी सर्वांत जास्त जोडलेले नाव शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले आणि भारताने सुवर्ण घेतले.

व्यावसायिक लीग त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने आली. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने ती उभी केली. पहिला हंगाम २६ जुलै २०१४ ला सुरू झाला. आठ संघ होते आणि प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळे. त्यामुळे साखळीचे ५६ सामने, वर उपांत्य, तिसऱ्या जागेचा आणि अंतिम मिळून चार, एकूण ६०. पहिल्या अंतिम सामन्यात जयपूरने यू मुंबाला ३५-२४ असे हरवले. दुसऱ्या वर्षी अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने बंगळूरुला ३६-३० नमवून करंडक आणला. तिसरा आणि चौथा हंगाम पाटण्याचा. या चार हंगामांत गट नव्हते, कारण आठ संघांना त्यांची गरज नव्हती.

२०१७ मध्ये गुजरात, हरयाणा, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश असे चार संघ वाढले आणि आठाचे बारा झाले. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संघ वाढले म्हणून सामने हाताबाहेर जाऊ नयेत यासाठी गट पाडले, असे सहज वाटते. आकडे तसे सांगत नाहीत. पाचव्या हंगामात प्रत्येक संघ आपल्या गटातल्या पाच संघांशी तीन-तीनदा खेळला, म्हणजे १५ सामने. समोरच्या गटातल्या सहाही संघांशी एकेकदा, म्हणजे सहा. वर चिठ्ठी टाकून ठरलेला एक जादा सामना, ज्याला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणत. बेरीज २२. गट न पाडता बारा संघ दोन-दोनदा भिडले असते तरी प्रत्येकाचे अकरा दुणे बावीसच सामने झाले असते. दोन्हीकडे साखळीचे सामने १३२. म्हणजे गटांनी सामने कमी केले नाहीत, कोण कोणाशी खेळणार एवढेच बदलले. शेजारच्याशी तीनदा, लांबच्याशी एकदा.

असा प्रयोग जगात नवा नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगने १९२६ मध्ये दहा संघांचे कॅनेडियन आणि अमेरिकन असे दोन विभाग केले, आणि संख्या जुळवण्यासाठी न्यूयॉर्कचा एक संघ कॅनेडियन विभागात घातला. आपल्याकडे उत्तर प्रदेश दक्षिणेकडच्या संघांबरोबर बसला, त्याचा हा मोठा भाऊ म्हणायचा. त्याच लीगने १९६७ मध्ये एका फटक्यात सहाचे बारा संघ केले. तेव्हा सहा जुने संघ पूर्व विभागात आणि सहाच्या सहा नवे पश्चिम विभागात ठेवले. अंतिम फेरीत प्रत्येक विभागाचा विजेता यायचा होता. परिणाम व्हायचा तोच झाला. पश्चिमेकडून सेंट लुइसचा नवा संघ लागोपाठ तीन वर्षे, १९६८, १९६९ आणि १९७० ला, अंतिम फेरीत आला आणि तिन्ही वेळा चार-शून्य असा धुतला गेला. प्रो कबड्डीने ती चूक केली नाही. चार नव्या संघांपैकी गुजरात आणि हरयाणा ‘अ’मध्ये, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश ‘ब’मध्ये, असे दोन-दोन वाटून दिले. तरीही पारडे झुकले, आणि झुकले ते ‘अ’च्या बाजूला.

कोकणातल्या महाड-पोलादपूरकडे या विभागणीला एक घरगुती बाजू होती. महाड सावित्रीच्या काठावर मुंबई-गोवा रस्त्यावर आहे. तिथून मुंबई सरळ हमरस्त्याने, आणि पुणे वरंध घाट चढून भोरमार्गे. गिरणगावाच्या काळापासून या दोन्ही तालुक्यांतली माणसे लालबाग-परळला कामाला गेली आणि तिथल्या मंडळांच्या मैदानांवर कबड्डी खेळली. पुढे पुण्यातल्या कारखान्यांनी आणि शिक्षणाने काही घरे घाटावर ओढली. त्यामुळे एकाच वाडीत मुंबईचे चाकरमानी आणि पुण्याचे नोकरदार दोन्ही. ‘अ’ गटात मुंबई आणि पुणे एकत्र आले आणि गटाच्या नियमाने वर्षात तीनदा समोरासमोर ठाकले. आठ संघांच्या काळात साखळीत ही लढत दोनदाच होत असे.

वेळापत्रकही असे पडले की दोन हंगामांचे रंग इथे वेगळे दिसले. पाचवा हंगाम २८ जुलै २०१७ ला सुरू झाला. तो काळ या भागात लावणीचा. खाचरांत गुडघाभर पाणी, घाटात धुके, वरंध घाट पावसाळ्यात दरड आल्याने कधी बंद तर कधी फक्त लहान गाड्यांना खुला. अशा वेळी मैदानावरची कबड्डी बंदच असते, त्यामुळे टीव्हीवरची कबड्डी हीच कबड्डी. सहावा हंगाम ७ ऑक्टोबर २०१८ ला सुरू होऊन ५ जानेवारी २०१९ ला संपला. म्हणजे भात कापणीला आल्यापासून मळणी उरकून रान मोकळे होईपर्यंत. तोवर गावोगावची मैदाने तयार होऊ लागतात.

हे मैदान तयार करणे पाहण्यासारखे असते. वाडीतले सपाट, पाणी न साचणारे खाचर निवडतात. धसकटे उपटून ढेकळे फोडतात, खडे वेचून काढतात, पाणी शिंपडून धुमसाने चोपतात आणि एक-दोन दिवस वाळू देतात. मग दोरी लावून आखणी. पुरुषांसाठी तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र. फक्कीची रेघ ओढणारा माणूस वाकून मागे-मागे सरकत जातो आणि त्याच्या मागे एक पोरगा पायाने खुणेचा दगड बाजूला करतो. संध्याकाळी बांबूंना दिवे टांगले की बाद पद्धतीचे सामने सुरू होतात ते पहाटेपर्यंत. या मातीवर अनवाणी तयार झालेला गडी मॅटवर गेला की पहिले काही दिवस त्याचे पाय फसतात. मातीवर पाय घसरवत नेऊन निदान रेषा शिवता येते. मॅटवर बुटाचा रबरी तळ पाय जागीच धरून ठेवतो आणि घोट्याला हिसका बसतो. लीगचे सगळे सामने मॅटवर असल्याने गावचा चढाईपटू आणि टीव्हीवरचा चढाईपटू यांच्यातले पहिले अंतर हे आहे.

पाचव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी मुंबई-पुणे लढत झाली आणि पुण्याने ती ३३-२१ अशी आरामात घेतली. पुण्याचा कर्णधार दीपक हुडा, मुंबईचा अनुपकुमार. त्या वर्षीची यू मुंबा पहिल्या चार हंगामांतली यू मुंबा राहिली नव्हती. संघांना पूर्वीचा एकच खेळाडू राखता आला होता, बाकीचा ताफा लिलावात विखुरला. मुंबई गटात चौथी आली, ६० गुणांवर.

गटाचा खरा मानकरी गुजरात ठरला. पहिल्याच वर्षी ८७ गुणांसह अव्वल. लीगमध्ये तेव्हा विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास एक गुण मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. प्रशिक्षक मनप्रीतसिंगने चढाईपेक्षा बचावावर संघ बांधला. दोन कोपऱ्यांवर दोन इराणी, फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी. कोपऱ्याचा गडी हा कबड्डीतला गळाला लागलेला मासा ओढणारा हात. चढाईपटूने बोनससाठी पाय टाकला की तो झेप घेऊन घोटा धरतो, आणि तोवर मधले रक्षक कमरेला येऊन भिडतात. फझलची पकड पाहताना तो चढाईपटूकडे नव्हे, त्याच्या मागच्या पायाकडे पाहत असल्याचे ध्यानात येते.

पुणे ८० गुणांवर दुसरे, हरयाणा ७९ वर तिसरे. इथे एक आकडा शेजारी ठेवून पाहावा. ‘ब’ गटात पहिल्या आलेल्या बंगालचे गुण होते ७७. ‘अ’ गटातला तिसरा संघ ‘ब’ गटातल्या पहिल्याच्या पुढे होता.

बाद फेरीची रचना अशी होती. दोन्ही गटांतले पहिले संघ आपसांत खेळत. जिंकेल तो थेट अंतिम फेरीत, हरेल त्याला आणखी एक संधी. ‘अ’चा दुसरा ‘ब’च्या तिसऱ्याशी आणि ‘ब’चा दुसरा ‘अ’च्या तिसऱ्याशी, आणि हरला तो घरी. पुण्याने यूपीला ४०-३८ असे कसेबसे काढले. गुजरातने बंगालला ४२-१७ चिरडले. इथवर ‘अ’ गटाचा रुबाब शाबूत होता. पण २३ ऑक्टोबरला मुंबईत पाटण्याने हरयाणाला ६९-३० असे हरवले. त्या एका सामन्यात पाटण्याच्या परदीप नरवालने चढाईचे ३४ गुण मिळवले. सबंध हरयाणाच्या संघाचे ३०, एकट्या परदीपचे ३४. पाटण्याने मग पुण्याला ४२-३२, बंगालला ४७-४४ आणि चेन्नईच्या अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ असे हरवून सलग तिसरा करंडक घेतला. हंगामभरात परदीपच्या चढाईचे गुण झाले ३६९. अशा माणसासमोर कोणत्याही गटाचे गणित अपुरेच पडते.

सहाव्या हंगामाच्या लिलावात सहा खेळाडू एक कोटीच्या पुढे किंवा तिथवर गेले. सर्वांत महाग ठरलेला मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना हरयाणाकडे आला, म्हणजे ‘अ’ गटातच. फझल अत्राचली एक कोटीला गुजरातमधून मुंबईकडे. आणि मुंबईचाच रिशांक देवाडिगा, जो पहिले चार हंगाम यू मुंबाकडून खेळला होता, त्याला यूपी योद्धाने १ कोटी ११ लाखांना राखले. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

या हंगामात मुंबईला एक नवा माणूस सापडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना घेतला गेला. उंच, आडव्या बांध्याचा हा चढाईपटू तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत येई, म्हणून लोकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. मागे फझलचा कोपरा, कडेला इराणी प्रशिक्षक गोलामरेझा माझंदरानी. मुंबई-पुण्याचा पहिला सामना चेन्नईत सलामीच्याच दिवशी झाला आणि ३२-३२ असा बरोबरीत सुटला. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंबई ८६ गुणांवर गटात दुसरी, पुणे ५२ वर चौथे. फझल आणि अबोझर दोघेही गेल्यावर गुजरातचे काय होणार, अशी शंका होती. पण सुनीलकुमार आणि परवेश भैन्सवाल यांच्या मधल्या फळीवर हा संघ पुन्हा पहिला आला, ९३ गुण घेऊन. दिल्ली ६८ वर तिसरी. जयपूर ४३ आणि हरयाणा ४२ तळाला राहिले. एवढ्या महागाचा मोनू घेऊनही हरयाणा सगळ्यांच्या खाली होता. जयपूरकडून खेळणाऱ्या अनुपकुमारने हा हंगाम चालू असतानाच निवृत्ती जाहीर केली.

‘अ’ गट खरोखर भारी होता की नुसता तसा दिसत होता, हे तपासायला एक सोपी रीत आहे. गटातल्या गटात एक जिंकला की दुसरा हरतोच, तेव्हा तिथले विजय आणि पराभव एकमेकांना खोडतात. उरतो तो समोरच्या गटाशी झालेल्या लढतींचा फरक. सहाव्या हंगामात ‘अ’च्या सहा संघांचे मिळून ६३ विजय आणि ५६ पराभव. ‘ब’चे ५५ विजय आणि ६२ पराभव. म्हणजे आमनेसामने ‘अ’ सात सामन्यांनी पुढे. फरक प्रचंड नाही, पण खरा आहे. त्यातही ‘अ’चा जोर वरच्या दोन-तीन संघांत एकवटलेला होता. खालचे तिघे दोन्ही गटांचे सारखेच हलाखीत.

बाद फेरीत रिशांक पुन्हा भेटतो. ८६ गुणांची मुंबई एकाच सामन्यावर उभी होती आणि समोर ५७ गुणांचा यूपी, कर्णधार रिशांक. यूपीने ३४-२९ ने मुंबईला घरी बसवले. २९ गुणांचे साखळीतले अंतर पाच गुणांच्या एका संध्याकाळीत पुसले गेले. मुंबईकर प्रेक्षकांना हे लागले, आणि हरवणारा सांताक्रूझचा आपलाच पोरगा, याने ते जास्त लागले की कमी, हे घरोघरी वेगळे असणार. दिल्लीने बंगालला ३९-२८ काढून गटाची लाज राखली, पण पुढे त्याच यूपीने तिला ४५-३३ ने थांबवले. गुजरात पहिल्या पात्रता सामन्यात बंगळूरुकडून ४१-२९ असा हरला, यूपीला ३८-३१ ने हरवून दुसऱ्या दाराने अंतिम फेरीत आला, आणि मुंबईत पुन्हा बंगळूरुसमोर ३८-३३ असा पडला. बंगळूरुच्या पवन सेहरावतने त्या एका सामन्यात २२ गुण घेतले. दुसऱ्या वर्षीही तेच. पहिला कोण? गुजरात. करंडक कोणाचा? ‘ब’ गटाचा.

गट नसते तर निकाल वेगळे लागले असते का? दोन्ही हंगामांचा एकत्रित तक्ता मांडला तर पहिले सहा संघ तेच निघतात जे गटांतून पात्र ठरले. पाचव्या हंगामात गुजरात, पुणे, हरयाणा, बंगाल, पाटणा, यूपी. सहाव्यात गुजरात, मुंबई, बंगळूरु, बंगाल, दिल्ली, यूपी. म्हणजे गटांमुळे कोणावर बाहेर राहण्याचा अन्याय झाला नाही. अन्याय, म्हणायचाच तर, क्रमाचा झाला. हरल्यावर दुसरी संधी मिळणाऱ्या दोन जागांपैकी एक ‘ब’च्या पहिल्याला जाणारच होती. पाचव्या हंगामात ती एकत्रित तक्त्यात चौथ्या असलेल्या बंगालला मिळाली, दुसऱ्या असलेल्या पुण्याला नाही. सहाव्यात ती तिसऱ्या असलेल्या बंगळूरुला मिळाली, दुसऱ्या मुंबईला नाही. मुंबई एक सामना हरून बाहेर गेली. बंगळूरु मात्र पात्रता सामन्यात हरला असता तरी जिवंतच राहिला असता. अर्थात संघांचे प्रतिस्पर्धी सारखे नसताना असा एकत्रित तक्ता थोडा ढोबळच राहतो. पण महाराष्ट्राच्या दोन्ही संघांना एकेकदा या रचनेचा फटका बसला, एवढे म्हणायला जागा आहे.

२०१९ च्या सातव्या हंगामापासून बारा संघांचा एकच तक्ता आला. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा, साखळीचे सामने पूर्वीइतकेच १३२. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा ते सहावा एकेक सामना खेळून त्यांच्यापर्यंत पोचायचे. बाद फेरीचा एक सामना कमी झाला आणि एकूण संख्या १३८ वरून १३७ वर आली. मुंबई-पुणे लढत साखळीत तीनवरून पुन्हा दोनवर गेली. सिद्धार्थ देसाई त्याच वर्षी १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. पूर्वीच्या हिशेबाने हे ‘अ’मधून ‘ब’मध्ये जाणे झाले असते, पण आता तसे म्हणण्यात अर्थ उरला नव्हता.

गट गेले आणि ‘अ’च्या जुन्या संघांचे दैव उघडले. सातव्या हंगामात बंगालने दिल्लीला ३९-३४ हरवले, ते ‘ब’चे शेवटचे यश. आठव्यात दिल्लीने पाटण्याला एका गुणाने, ३७-३६, हरवले. नवव्यात जयपूरने पुण्याला ३३-२९. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने हरयाणाला २८-२५ असे हरवून पहिला करंडक घेतला. अकराव्यात हरयाणाने पाटण्याला ३२-२३, आणि २०२५ च्या बाराव्यात दिल्लीने पुण्याला ३१-२८. सलग पाच विजेते जुन्या ‘अ’ गटातले, त्यातल्या तीन अंतिम सामन्यांत दोन्ही बाजूंना त्याच गटाचे संघ. दिल्ली, जयपूर, पुणे, हरयाणा आणि २०१५ चे विजेते मुंबई, असे सहापैकी पाच संघ करंडकाचे धनी झाले. बाराव्या हंगामाअखेर एकच संघ राहिला आहे, दोन्ही वर्षे ‘अ’ गटात पहिला आलेला गुजरात.